नदीअलीकडून नारिनअक्कांना

सशाचं वर्ष, वसंताचा मधला चंद्र, विसावा दिवस

आणि वर तुम्ही लोणी पाठवता. तुमच्या लेकाने आधी लग्नाची मागणी घालायची, तीही नदीपलीकडून ओरडून, दोन्ही काठांवरच्या गुराख्यांना ऐकू जाईल अशी. मग तुमची लोण्याची बुधली यायची आणि सोबत निरोप, की धाकटीने डोकं शांत ठेवावं. नारिनअक्का, माझं डोकं शांतच होतं. बुधली आल्यापासून फिरलंय.

लोणी मी कुत्र्यांना घातलं. सगळं नाही. इथे माझ्यासोबत दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांना खायला लागतं.

अक्षर बघून कळलंच असेल, मी स्वतः लिहितेय. नवऱ्याने आपल्या दोघींना त्या उइगुर पंतोजींपुढे बसवलं होतं, आठवतं ना. तुम्ही थंडी सरायच्या आत वाचायला लागलात आणि मी अक्षरांच्या शेपट्या ओढत बसले. पंतोजी म्हणायचे, थोरल्या खातूनचं अक्षर म्हणजे उडणारे बगळे आणि धाकटीचं म्हणजे बगळ्यांनी खाली केलेली घाण. तुम्ही पोट धरून हसला होतात. मीही हसले होते. पण आज त्या घाणीवरच भागवावं लागतंय. निरोप्याकडून हे सांगता येत नाही. आपले निरोपे सगळं चालीत बसवून पाठ करतात, आणि वाटेत ज्याच्या तंबूत जेवण मिळेल त्याला गाऊन दाखवतात. पंतोजींची बायको सेविंच तुमच्या तळावर औषधी मुळ्या घेऊन येते, ती हे आणेल. तिला वाचता येतं, पण ती वाचणार नाही. नवऱ्याचं सगळं आयुष्य लोकांची पत्रं वाचण्यात गेलं, तिला त्याचा वीट आलाय.

तुमच्या बुरेगेईचा निरोप्या तोरगान आला, तेव्हाची गंमत तुम्हाला कुणी सांगितली नसेल. माझ्या तळावर पाय ठेवला तर बाटेल म्हणून तो पलीकडच्या काठालाच थांबला. बर्फ फुटत होता, नदी कडाकडा वाजत होती. त्याने गायला सुरुवात केली. बापाचा घोडा लेकाला, बापाचं धनुष्य लेकाला, असं काहीतरी. पुढचं नदीने खाल्लं. मी म्हटलं, ऐकू नाही आलं, परत म्हण. त्याने परत म्हटलं. मी म्हटलं, अजून जरा मोठ्याने. शेवटी त्याचा घसा बसला आणि चाल सोडून तो सरळ बोलला, "धाकट्या खातून, आमचे मालक तुम्हाला त्यांच्या तळावर ठेवून घ्यायला तयार आहेत."

"मला राहायला जागा आहे," मी म्हटलं. "मालकांची तिसरी बायको गेल्या उन्हाळ्यात माहेरी पळाली ना, आधी तिला ठेवून घ्या म्हणावं."

गुराखी हसले. तोरगान नाही हसला. त्याचा पुढचा निरोप माझ्या अंगावर काटा आणणारा होता. मी हो म्हटलं तर भगत दोन जाळ पेटवेल, मला त्यांच्यामधून चालवेल आणि मी त्याच दिवशी शुद्ध होईन. नाही म्हटलं तर वर्षभर अशुद्ध. म्हणजे विटाळ माझ्या अंगाला नाही, माझ्या नकाराला आहे.

अक्का, हा विटाळ मला कसा लागला ते तुम्ही विसरला नसाल. नवऱ्याच्या तंबूच्या दाराशी लोकरीचा काळा नमदा गुंडाळलेला भाला मरणाची खूण म्हणून रोवला, तेव्हा आत आपण सगळे होतो. तुम्ही उठलात. बुरेगेई उठला. माझ्या लेकाला, अजिनाईला, मीच बाहेर ढकललं. भगत तर आपला ढोल घेऊन सगळ्यांच्या आधी पळाला. रीतच आहे, मरणाच्या वेळी जो आत असतो त्याला कुठल्याच खानाच्या तळावर जाता येत नाही, मोठ्या सभेत तर नाहीच. म्हणून सगळे शहाणे बाहेर गेले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मला वेळेवर उठता आलं नाही. म्हणून मी इथे आहे, आणि उन्हाळ्यात सभा बसेल तेव्हा माझं काय करायचं ते सारे बाहेर पळालेले ठरवतील.

रीत मला शिकवू नका. बाप गेला की त्याच्या धाकट्या बायका थोरल्या मुलाकडे जातात, मला ठाऊक आहे. आपल्या सासूबाई दिराच्या तंबूत गेल्या, शेवटपर्यंत त्याला शिव्या देत जगल्या आणि तो मेल्यावर सगळ्यांत जास्त रडल्या. बाईला आसरा लागतो, माणसं विखरायला नको, मेंढरं वाटली जायला नको, सगळं कळतं. पण मला जो नेतो तो माझे तंबू, माझी माणसं, माहेराहून आलेले माझे धनुर्धारी, सगळं नेतो. माझा अजिनाई धाकटा, बापाची चूल त्याची. उद्या त्याच्याकडे नुसती चूल राहील, भोवती बसायला माणूस राहणार नाही. त्याला हे कळतं. तो पलीकडच्या काठावर बाणांना पिसं लावत बसलाय. माझ्याशी बोलताना वर बघत नाही.

तुमचा एक, माझा एक. यातला एक मरणार, नाहीतर दोघेही.

बुरेगेईला थांबवा. का थांबवायचं ते तुम्हाला माहीत आहे. मला कागदावर लिहायला लावू नका.

उदुगाई


सशाचं वर्ष, वसंताचा शेवटचा चंद्र, सहावा दिवस

नारिनअक्का,

उत्तर मिळालं. अक्षर अजून बगळ्यांचंच आहे. मजकूर मात्र तुमच्या भावाने सांगून लिहवून घेतल्यासारखा वाटतो. "वयाचा विचार करावा." कुणाच्या वयाचा? माझे गुडघे माझ्याजवळच आहेत, मला त्यांचं वय माहीत आहे. "सगळ्याच बायका जातात." खरं आहे. "माझ्या शेजारी तुझा तंबू लागेल, दोघी बोलत बसू." अक्का, आपण सवती म्हणून इतकी वर्षं शेजारी राहिलो, त्यात किती बोललो? मेंढरं मोजताना, नाहीतर भांडताना. आता मी तुमची सून होऊन शेजारी येऊ आणि गप्पा मारू, असं म्हणता? तुमच्या पायाशी बसून तुमच्या हातून मांसाचा तुकडा घ्यायचा, हो ना? सुनेला कोणता तुकडा देता तुम्ही, ते मी पाहिलेलं आहे.

कारणाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. बरं.

तोरगान पुन्हा येऊन गेला. या वेळी सोबत तुमचा भाऊ. नदीला उतार झालाय, तरी काठावरच थांबले. तुमच्या भावाने चालबिल काही लावली नाही, व्यापाऱ्यासारखा बोलला. म्हणाला, खातून, नवऱ्याच्या शेवटच्या श्वासाला तुम्ही एकट्याच होता. त्यांनी गादीसाठी कुणाचं नाव घेतलं ते तुम्ही सांगितलंत तर सभा मानेल. सभेत यायची गरज नाही, इथूनच शपथ घ्या, आम्ही दोन म्हातारे ऐकायला पाठवतो. बुरेगेईचं नाव घेतलं असेल तर तुमचा तंबू तुमचा, मागणी मागे.

असेल तर, म्हणे.

दुसऱ्याच दिवशी माझ्या माहेरचे लोक आले. तेही त्याच काठावर, त्याच दगडावर उभे. त्यांना अजिनाईचं नाव हवं होतं. त्या दगडाने यंदा काय काय ऐकलं.

दोघांनाही मी खरं तेच सांगितलं. तुम्हालाही सांगते, तुमचाही नवरा होता. त्याने विचारलं, करडी घोडी व्यायली का. मी म्हटलं, अजून अवकाश आहे, थंडी आहे. मग म्हणाला, दार लावा, वारा येतो. दार लावलेलंच होतं. मग पाणी मागितलं, दिलं, ते दाढीवर सांडलं. मग त्याने एक नाव घेतलं, पण ते आपल्या सासूबाईंचं. आईला हाक मारावी तसं. गादी, तळ, लेक, काही नाही. तुमचं नाही, माझं नाही. तुमच्या भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच? एवढ्यासाठी तुम्ही आत थांबलात?"

मी खोटं बोलले तर सुटेन, हे कळण्याइतकी अक्कल आहे मला. बुरेगेईचं नाव घेतलं की मी सुटते, पण त्या दिवसापासून अजिनाई बापाच्या शब्दाविरुद्ध उभा राहिलेला बंडखोर ठरतो, आणि बंडखोराला नमद्यात गुंडाळून घोड्यांखाली टाकतात. अजिनाईचं घेतलं तर तुमच्या लेकाचं तेच होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडात मी हे घालणार नाही. त्याने घोडीची चौकशी केली होती, तेवढंच राहू दे त्याच्या तोंडात.

आणि पायाला मुंग्या आल्या नव्हत्या. लिहून टाकते, डोक्यातून जाईल. त्याने माझी बाही धरली होती. सोडवता आली असती. तुम्ही दारातून मागे वळून बघितलंत, तुम्हाला बाही दिसली होती, मला माहीत आहे. तुम्ही आत आला नाहीत म्हणून मी कधी बोलले नाही. तुम्हाला तुमच्या लेकाकडे बघायचं होतं. कुणीतरी बाहेर हवं होतं, कुणीतरी आत. पण मग बाहेर असलेल्याने आत राहिलेल्याचं जरा तरी बघावं की नाही?

मागणी मागे घ्या. शेवटचं सरळ सांगते आहे. नाहीतर पुढच्या पत्रात मला ते लिहावं लागेल.

उदुगाई


सशाचं वर्ष, वसंताचा शेवटचा चंद्र, एकविसावा दिवस

नारिनअक्का,

तुमचं उत्तर नाही. सेविंच म्हणाली, पत्र तुम्हाला दोन जाळांमधून नेऊन दिलं, नेताना एक कोपरा जळला, तुम्ही उभ्यानेच वाचलंत आणि चुलीत टाकलंत. मुळ्या मात्र सगळ्या ठेवून घेतल्या.

मग लिहितेच.

ज्या हिवाळ्यात आपण देवदारांच्या रानात लपलो, त्या हिवाळ्याबद्दल. तेव्हाही भांडण गादीचंच होतं. आपल्या नवऱ्याचा चुलतभाऊ मागे लागला होता. नवरा कुठे होता ते आपल्याला माहीत नव्हतं, जिवंत आहे की नाही तेही नाही. तुम्ही, मी, ती लंगडी दासी आणि तुमच्या कुशीत बुरेगेई, जन्मून थोडेच दिवस झालेला. माझी मुलगी वाटेत गेली होती, नाव ठेवायच्या आत. तिला मी कुठे ठेवलं ते मला सांगता येणार नाही, सगळीकडे सारखाच बर्फ होता.

तुम्हाला ताप भरला. दूध आटलं. बुरेगेई रडायचा तर त्याचा आवाज रानाबाहेर जाईल म्हणून दासीने त्याच्या तोंडावर कातडं धरलं होतं. मी तिच्या हातातून त्याला ओढून घेतलं. माझी छाती ठणकत होती, दगड झाली होती, जिच्यासाठी दूध आलं ती नव्हती. मी त्याला लावलं. तो प्याला. तुम्ही पडल्या पडल्या बघत होता. मग रोजच लावलं, बर्फ जाऊन गवत येईपर्यंत. तुमचा ताप उतरला तरी दूध परत आलं नाही.

नवऱ्याचे लोक आपल्याला घ्यायला आले, त्या दिवशी सकाळी तुम्ही माझा हात धरलात. शब्द न् शब्द आठवतो. "उदुगाई, हे आपल्या दोघींत राहू दे. खानाचा पहिला मुलगा धाकटीच्या अंगावर वाढला म्हटलं तर लोक म्हणतील हा दोन चुलींचा, याला थोरला कोण म्हणेल? तू आहेस तोवर तुला काही कमी पडू देणार नाही."

मी हो म्हटलं. मला तेव्हा त्यात काहीच मोठं वाटलं नाही. लहान होते, मुलगी गेलेली, कुणीतरी माझा हात धरून बोलतंय एवढंच खूप वाटलं. पुढे तो घोड्यावर बसायला शिकला, माझ्यासमोरून जाताना "धाकट्या आई" म्हणून टोपी हलवायचा, आणि मी आपली "पडू नको" म्हणायचे. आणि काही म्हणायचं नव्हतं.

आता तुमच्याकडच्या त्या जुन्या म्हाताऱ्याला, मुल्खेला, विचारा. साऱ्या तळात रीतभात त्याच्याइतकी कुणाला माहीत नाही. विधवा नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाकडे जाते, स्वतःच्या मुलाकडे जात नाही. आणि जो अंगावर प्याला तो मुलगाच. जनावरांतसुद्धा आपण तसंच धरतो. हे जर लग्न झालं आणि मागाहून कुणाला कळलं, तर तुमचा लेक आईशी लग्न केलेला ठरेल. मग कसली गादी आणि कसला खानाचा पांढरा नमदा.

अजिनाई पलीकडच्या काठावर आला तेव्हा मी त्याला सांगितलं. कालच. तो पिसं लावत होता. ऐकून हातातला बाण खाली ठेवला. म्हणाला, "म्हणजे आधी तो प्याला, मग मी?"

"हो."

"मग तो माझा दूधभाऊ झाला."

"हो."

"आई, माझ्या माणसांना काय सांगू? गेला महिनाभर त्यांना त्याचं डोकं आणून देतो म्हणून सांगतोय."

त्याला मी विचारलं, तुला गादी हवी आहे का. म्हणाला, मला गादी कधीच नको होती, मला बापाची चूल आणि तुझे तंबू हवेत, आणि तुला कुणी ओढत नेलेलं नको. म्हणाला, थोरल्याला खान करताना पांढऱ्या नमद्यावर बसवून उचलतील तेव्हा एक कोपरा मी धरीन, पण ही गोष्ट थोरल्या खातूनने सभेत सांगितली पाहिजे. आपण सांगितलं तर लोक म्हणतील बाई लग्न चुकवायला कहाण्या रचते, आणि मुलगा घाबरला.

बरोबर आहे त्याचं. दासी मेली. उरलो आपण दोघी, आणि मला सभेत तोंड उघडता येत नाही. मी नवऱ्यासाठी आत राहिले म्हणून.

तुम्ही नुसतं उभं राहून म्हणायचं, माझ्या मुलाने धाकटीचं दूध घेतलंय. एवढ्याने मागणी आपोआप मोडते. एवढ्याने अजिनाई त्याचा सख्खा भाऊ होतो आणि भाऊ म्हणून माझे सगळे धनुर्धारी त्याच्या मागे उभे राहतात. बळाने घेऊन जे मिळणार, त्याहून जास्त मिळतंय. जाणार काय? तुमची मान जरा खाली जाईल. एक दिवस. मग वर येईल, तुमची नेहमी येते.

हे नीट वाचा. बसून वाचा.

उदुगाई


सशाचं वर्ष, उन्हाळ्याचा पहिला चंद्र, दुसरा दिवस

नारिनअक्का,

बुरेगेई स्वतः आला होता. तुम्हाला सांगून आला की न सांगता, माहीत नाही. एकटाच. घोडा दूर बांधला आणि पाण्यापर्यंत चालत आला. पाणी कमी आहे आता, ओरडावं लागत नाही. मी अलीकडच्या काठाला कातडी धूत होते. तशीच धूत राहिले.

जाड झालाय. डोळ्यांखाली काळं. खानासारखा नाही, रात्रभर मेंढरं शोधत फिरलेल्या माणसासारखा दिसत होता. म्हणाला, "धाकट्या आई, मला कुठे हौस आहे. माझी माणसं म्हणतात, धाकट्या खातूनची माणसं आल्याशिवाय आम्ही घोड्यावर बसणार नाही. अजिनाईची माणसं म्हणतात, आम्ही तुला जगू देणार नाही. मी काय करू ते तूच सांग."

मी म्हटलं, "जेवलास का?"

"नाही."

मला उठून त्याला काही देता येत नव्हतं. माझ्या हातचं खाल्लं तर बाटला असता, सभेला बसता आलं नसतं. भूक लागलेला मुलगा समोर उभा आणि मी कातडी धुतेय. तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "आईला विचार. देवदारांच्या रानातल्या हिवाळ्यात तू काय पिऊन जगलास, ते विचार."

तो काही समजला नाही. मला वाटतं, थोडं समजला. वळून घोड्याकडे गेला.

आणि आज तुमचं पत्र. तीन ओळी. धाकटीला त्या हिवाळ्यात ताप होता, तिला भास होतात. थोरल्या खातूनचं दूध आटलं नव्हतं. बुरेगेईलाही हेच सांगितलेलं आहे.

ताप मला होता म्हणे.

नारिन, मग माझं दूध कोण प्यालं? मुलगी बर्फात ठेवून आल्यावर छातीचे दगड झाले होते, ते कसे उतरले? तुझा भाऊ प्याला का? एवढं लिहिताना तुझा हात थांबला नाही? तू त्या रानात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस, एका बाजूला तू, एका बाजूला तुझं पोर, आणि मला कूस बदलता यायची नाही. तो भास होता?

असू दे. ओरडून मी दमले. खरं सांगायचं तर नवरा गेल्यापासून दमलेलीच आहे. सगळे माझ्याकडे काहीतरी मागायला येतात, कुणाला माणसं हवीत, कुणाला शपथ हवी, कुणाला मी हवी, आणि नदी ओलांडून यायला एकही तयार नाही. मला काही नको आहे. माझा तंबू, दारात चार घोड्या, आंबवलेलं दूध ढवळायला एक बुधला आणि संध्याकाळी दोन्ही मुलं आपापल्या तळावर जिवंत असल्याची खबर. एवढं.

आता माझं ऐका. पुन्हा तुम्हीच म्हणते, मोठ्या आहात.

पौर्णिमेला सभा बसणार. खाली कुरणात, तुमच्या तळाशेजारी. पांढरा नमदा पसरतील, सगळे राजपुत्र, सगळे म्हातारे, घोड्या बांधून पहिलं दूध शिंपडतील. तिथे मी येणार. जाळांमधून न जाता, भगताला न विचारता, मरणाच्या तंबूतून निघालेली तशीच्या तशी. नदी आता गुडघ्याएवढी आहे. मी सरळ चालत येईन आणि त्या नमद्यावर पाय ठेवीन. मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सभा बाटली. नमदा जाळायचा, दूध ओतून द्यायचं, सगळ्यांनी आपापल्या तळावर परत जायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणीच खान नाही. तुमचा लेक नाही, माझा लेक नाही.

मला मारतील. तेही माहीत आहे. अजिनाईला मी हे सांगितलेलं नाही. सेविंचला पुसटशी कल्पना आहे, ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मला हौस नाही अक्का. गुडघेभर थंड पाण्यातून चालत जाऊन मरायला कुणाला आवडतं? पण मी मेले तर मागणी कुणाला घालणार? माझी माणसं अजिनाईकडे जातात, रीतीनेच जातात. आणि एक वर्ष हाती येतं. वर्षभरात पोरांची डोकी थंड होतात. न झाली तर निदान मला बघावं लागणार नाही.

हे सगळं एका वाक्याने टळतं. तुमच्या. सभेच्या आधी मुल्खे म्हाताऱ्याला आणि बुरेगेईला बसवा आणि सांगा. सगळ्यांसमोर नको असेल तर त्या दोघांसमोर सांगा, म्हातारा पुढचं सभेत सांगेल, तुमचं नावही न घेता. अजिनाई कोपरा धरायला येईल, मी त्याला तयार ठेवलंय. नवा अंगरखाही शिवून झालाय.

आणि बुरेगेईशी बोलाल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून बोला. त्याला अर्धं कळलंय. उरलेलं अर्धं त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

चंद्र अर्धा भरेल त्या संध्याकाळपर्यंत मी वाट बघेन. सेविंच तुमच्या तंबूबाहेर बसून राहील, तिला रिकामं पाठवू नका. लांबलचक काही लिहू नका. सांगितलं, किंवा नाही सांगणार. दोन्हींपैकी एक. तुमच्या हाताने.

उदुगाई